तोडली तरी श्वास घेते : उन्हाळी फळं-भाज्यांबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी प्रश्न खूप आलेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त फिरून फिरून एकाच जागी येतात, की ताई, आणलेलं टिकत नाही हो. सातारा-सांगलीकडचा एप्रिल-मे म्हणजे सकाळी अकरालाच रस्त्यावर चटका बसतो, मग पिशवीतल्या मेथीचं काय होत असेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात परत सांगायला नको. भाजी किंवा फळ तोडलं की ते संपलं असं नसतं. ते श्वास घेत असतं, आतली साखर खर्च करत असतं, अंगातलं पाणी हवेत सोडत असतं, आणि जितकं गरम तितकं हे सगळं भरभर होतं. म्हणून मंडईतून आलं की पहिला अर्धा तास महत्त्वाचा. पिशवी गाडीच्या डिकीत विसरली, ओट्यावर गाठ मारलेली तशीच पडून राहिली, तर पुढे कितीही भारी फ्रिज असला तरी गेलेला ताजेपणा परत येत नाही. आणि दुसरं, सगळी फळं सारखी नसतात. आंबा, केळं, चिकू, पपई, पेरू, टोमॅटो ही काढल्यावरसुद्धा पिकत राहतात, पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि शेजारच्यालाही पिकवतात. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, कलिंगड, लिंबू, डाळिंब मात्र तोडलं त्या दिवशी जेवढं गोड तेवढंच, नंतर गोडी वाढत नाही. एवढं डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

प्रश्न : आम्ही कराडला ओळखीच्या माणसाकडून हापूसची पेटी घेतली. वरून एकदम सुंदर, डाग नाही, वास पण छान. कापल्यावर चार-पाच आंब्यांत कोयीजवळ पांढरट, रबरासारखा भाग निघाला, चव आंबट-उग्र. घरात सगळे म्हणतात कार्बाइड मारलंय. खरंच तसं असेल का? आणि कच्ची पेटी आणली तर घरी कसं पिकवायचं?

नाही, हे कार्बाइडचं लक्षण नाही, याला साका म्हणतात. आंबेवाल्यांना हा शब्द चांगला माहीत असतो. हापूसला हा त्रास जास्त होतो आणि वाईट गोष्ट अशी की बाहेरून काहीच कळत नाही, ना रंगावरून ना वासावरून, म्हणून विकणाऱ्यालाही पेटी देताना माहीत नसतं. फळ पक्व होत असताना जमिनीतून येणारी उष्णता, खूप उशिरा केलेली काढणी, काढलेली फळं तापलेल्या जमिनीवर उन्हात पडून राहणं, यातून हे वाढतं. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली रत्ना नावाची जात काढली, तिच्यात साका होत नाही हा तिचा मोठा गुण सांगितला जातो. खराब भाग काढून उरलेल्या गराला वास-चव नीट असेल तर खायला हरकत नाही, तो रोग नाही की विष नाही. ओळखीच्या माणसाशी वाकडं घेऊ नका, पण त्याला फोटो पाठवा, चांगला व्यापारी चार आंबे बदलून देतो.

आता कार्बाइडचं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्या देशात बंदी आहे, 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. ओलावा लागला की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो, आणि बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, खरी काळजी त्यांची. त्याऐवजी इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग). म्हणजे रायपनिंग चेंबरमधून, फळं पिकवायच्या बंद खोलीतून, आलेला आंबा म्हणजे विषारी आंबा असं समजू नका. लोक सांगतात की सगळीकडून एकसारखा पिवळा असला की कार्बाइड, पण चेंबरमधला आंबासुद्धा एकसारखा पिवळा दिसतो, म्हणून नुसत्या रंगावर निकाल लावता येत नाही. मी बघते ते वास आणि गर. वरून पिवळाधमक, वास अजिबात नाही, आणि आतून अजून करकरीत आंबट, असं असेल तर तो आंबा कोवळा काढलेला आहे, कशानेही पिकवलेला असो, घेऊ नका.

कच्चा घेताना देठाजवळ बघा. खांदे भरून देठाच्या वर आलेले पाहिजेत आणि देठाशी थोडा खड्डा पडलेला पाहिजे, असा आंबा तयार असतो. खांदे उतरते असतील तर तो कोवळा, सुरकुतेल पण पिकणार नाही. घरी अढी घालायला भाताचं पिंजर मिळालं तर उत्तम, पाटण-जावळीकडे अजून सहज मिळतं. खाली पिंजर, त्यावर आंब्यांचा एक थर एकमेकांना न चिकटवता, वर परत पिंजर, आणि खोली घरातली सगळ्यात थंड, वारा खेळता. पत्र्याखालच्या खोलीत अढी घालू नका, तिथे आंबा पिकायच्या ऐवजी उकडतो. पिंजर नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात साध्या कागदात ठेवा, चालतं. दोन दिवसाआड हात फिरवून पिकलेले बाजूला काढायचे, एखादा नासका निघाला तर ताबडतोब, नाहीतर तो बाकीच्यांना नासवतो. आणि कच्चा आंबा फ्रिजमध्ये कधीच नको! साधारण 13 अंशांच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते, साल काळपट पडते आणि नंतर बाहेर काढला तरी नीट पिकत नाही. पूर्ण पिकल्यावर मग चार-पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवा, खायच्या आधी अर्धा तास पाण्यात सोडा म्हणजे देठाचा चीक निघून जातो.

प्रश्न : सांगलीत राहून द्राक्षांबद्दल विचारते म्हणजे नवलच, पण मुलांना द्यायची भीती वाटते. मण्यांवर पांढरी पावडर असते ती औषध असते का? कशाने धुवायची? फ्रिजमध्ये ठेवली तरी दोन दिवसांत मणी गळतात.

नवल कसलं, बागेच्या शेजारी राहणाऱ्यांनाच जास्त प्रश्न पडतात कारण फवारणी डोळ्यांनी दिसते. मण्यावरचा तो सारखा पसरलेला पांढुरका थर द्राक्षाचा स्वतःचा मेणासारखा थर आहे, बोट फिरवलं की पुसला जातो आणि खाली मणी चकचकीत दिसतो. तो असणं चांगलं, म्हणजे घड फार हाताळलेला नाही. आतलं पाणी तो धरून ठेवतो. औषधाचा डाग वेगळा दिसतो, थेंब वाळल्यासारखा, ठिपके-ठिपके, बहुतेक मण्याच्या खालच्या बाजूला. आणि भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, पडली असेल तर मण्यावर राखाडी जाळी दिसते, मणी तडकतात, ते तर घेऊच नका.

धुवायचं खायच्या आधी, आणल्या-आणल्या नाही. धुतलं की हा थर जातो आणि देठाशी पाणी अडकून बुरशी येते. वाहत्या पाण्याखाली घड उलटा-सुलटा करून चांगला धुवा, मग मिठाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून परत स्वच्छ पाण्याने धुवा. साबण, भांड्यांचं लिक्विड अजिबात नको, सालीतून ते आत जाऊ शकतं. हेही खरं सांगायला पाहिजे की धुण्याने वरवरचं निघतं, सालीत मुरलेलं निघत नाही. म्हणून ओळखीचा बागायतदार असेल तर त्याला सरळ विचारा शेवटची फवारणी कधी झाली आणि काढणीआधी किती दिवस थांबला. युरोपला जाणाऱ्या मालाची ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदणीत नोंद होते, औषधांच्या अंशाची लॅबमध्ये तपासणी होते, त्यामुळे आपल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या बागायतदारांना हा हिशोब पक्का माहीत असतो, आणि जो नीट करतो तो विचारल्यावर रागवत नाही, उलट मनापासून सांगतो.

मणी गळण्याचं कारण बहुतेक वेळा घड जुना असणं हेच असतं. घेताना मण्याआधी देठ बघा. देठ हिरवा आणि लवचिक असेल तर ताजा, तपकिरी काडीसारखा झाला असेल तर दोन-चार दिवसांचा, मग वरचे मणी कितीही टपोरे असोत. घड हलकेच झटकला आणि मणी पडले तर सोडून द्या. थॉमसन, सोनाका, माणिक चमन या हिरव्या जातींत थोडी पिवळसर, मधाळ झाक आलेला घड गोड लागतो, गडद हिरवा दिसायला छान पण आंबट निघतो. आणि गोड नाही म्हणून चार दिवस ठेवून बघू असं करू नका, द्राक्ष घरी गोड होत नाही. घरी भोकं असलेल्या पिशवीत किंवा झाकण सैल ठेवलेल्या डब्यात, तुटलेले मणी काढून, न धुता फ्रिजमध्ये ठेवा, आठवडा सहज निघतो.

याच पत्रात बेदाण्याचंही विचारलंय, पावसाळ्यात चिकट का होतो म्हणून. बेदाण्यातली साखर हवेतलं पाणी ओढून घेते, तेवढंच कारण. मे महिन्यातच घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका, वर्षभर रंग आणि चव राहते. हिरव्या-पिवळ्या बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, घरात कुणाला दमा असेल तर तपकिरी, धुरी न दिलेला बेदाणा मागून घ्या, सांगलीच्या दुकानात मिळतो.

प्रश्न : रोज मंडईत जायला जमत नाही. रविवारी सगळी भाजी आणून निवडून धुऊन डब्यात भरते, तरी कोथिंबीर बुधवारी काळी, मेथी गुरुवारी पिवळी. (सातारा)

धुणं थांबवा, निम्मा प्रश्न तिथेच संपेल. पालेभाजीला ओलावा पाहिजे पण पानावर उभं पाणी नको, त्यात ती कुजते. जुडी सोडा, पिवळी-चिरडलेली पानं काढा, मुळांची माती झटका, आणि जुन्या सुती साडीचा किंवा पंच्याचा तुकडा हलका ओलसर करून त्यात सैल गुंडाळा, मग भाजीच्या ट्रेमध्ये. कोथिंबिरीला कोरडा सुती कपडा किंवा टिश्यू, झाकणाच्या डब्यात, तळाशी एक टिश्यू, वर एक, आणि दोन दिवसांनी ओला झाला की बदलायचा. वर्तमानपत्रात गुंडाळायची आपल्याकडे सवय आहे पण छपाईची शाई अन्नाला लागते, देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, 2016 मध्येच सांगितलंय की खायच्या वस्तू छापील कागदात ठेवू नका, तर ते सोडून द्या.

मेथी पिवळी पडते ते बहुतेक शेजाऱ्यामुळे. त्याच ट्रेमध्ये पिकलेला आंबा, टोमॅटो, सफरचंद असेल तर त्यातून निघणारा वायू पानांना पिवळं करतो. फळं वरच्या कप्प्यात, पाला खाली, एवढी फारकत करून बघा. आणि आठवड्याचा क्रम ठरवा, रविवार-सोमवारी पालेभाजी, मंगळवार-बुधवारी भेंडी-गवार, शेवटी दुधी-भोपळा-कोबी. मिरच्या देठ काढून कोरड्या डब्यात ठेवल्या तर दोन आठवडे बघायला नको, लिंबंही डब्यात बंद करून फ्रिजमध्ये, उघडी ठेवली की दगडासारखी होतात.

प्रश्न : ताई, आमच्या इकडं आटपाडी भागात लाईट सारखी जाती, फ्रिज असून नसल्यासारखा. उन्हाळ्यात आठवडी बाजाराची भाजी दुसऱ्या दिवशी सुकून जाती. काय तरी गावठी उपाय सांगा.

तुमच्याकडचं कोरडं ऊन इथे तुमच्या उपयोगाचं आहे. हवा कोरडी असली की पाणी पटापट उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1980 च्या दशकात याच तत्त्वावर विजेशिवाय चालणारी शीतकक्षाची रचना तयार केली. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंच जागा, त्यात नदीची वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळू आणि विटा पाण्याने भिजवायच्या, वर वाळ्याचं किंवा गवताचं ओलं झाकण. उन्हाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी तापमान राहू शकतं आणि दमटपणा 90 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे भाजी सुकत नाही. शेतावर, झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर बांधा. सिमेंट लागत नाही, रचलेल्या विटा पुरतात.

घरापुरतं करायचं तर अजून सोपं. कुंभाराकडून न रंगवलेलं, न चोपडलेलं मोठं मडकं आणि त्यात जाईल असं लहान मडकं घ्या, मधल्या फटीत वाळू भरा, वाळू ओली ठेवा, लहान मडक्यात भाजी, तोंडावर ओलं गोणपाट. पाण्याची टंचाई असेल तर तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी गाळून वाळूत टाका, चालतं. वांगी, भेंडी, काकडी, टोमॅटो, गाजर, पालेभाजी यात छान राहतात, आणि वांगी-काकडीला तर हे फ्रिजपेक्षा बरं, कारण फ्रिजच्या चार-पाच अंशांत वांग्यावर खड्डे पडतात आणि काकडी पाणचट होते. कांदा-लसूण-बटाटा यात घालू नका, दमटाने सडतील. आठवड्यातून एकदा आतलं मडकं रिकामं करून उन्हात वाळवायचं म्हणजे बुरशी धरत नाही. पाऊस सुरू झाला की हे काम करत नाही, हवाच ओली असते, तेव्हा जूनपर्यंतचा उपाय म्हणून धरा. पण तुमच्याकडे एप्रिल-मे काढायचा म्हटला तर हे खरोखर भारी आहे, करून बघा आणि कळवा.

प्रश्न : कलिंगडाला लाल रंगाचं इंजेक्शन देतात असे व्हिडिओ रोज येतात. आत फट पडलेली असली की ते इंजेक्शनचंच असं म्हणतात. घ्यावं की नाही? (वाई)

घ्या, मनापासून खा. कलिंगडाचा लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच. सुईने रंग घातला तर तो सगळीकडे सारखा पसरणार नाही, एका जागी पट्टा दिसेल, आणि सालीला भोक पडलं की तिथून फळ सडायला लागतं, विकणाऱ्याचंच नुकसान. आतली फट वाढीच्या काळात हवामान आणि पाणी कमी-जास्त झाल्याने पडते, कलिंगड वाढलं पण गर तेवढा भरला नाही एवढाच त्याचा अर्थ, खायला काही धोका नाही. व्हिडिओ पुढे पाठवायच्या आधी त्या शेतकऱ्याचा विचार करा ज्याचा ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभा आहे आणि एका अफवेने माल पडून राहतोय.

निवडताना उलटं करून जमिनीला टेकलेली बाजू बघा, तो डाग लोण्यासारखा पिवळा पाहिजे, पांढरा असेल तर लवकर तोडलंय. आकाराच्या मानाने जड पाहिजे. थाप मारली की घुमल्यासारखा भरीव आवाज, टणटण वाजलं तर कच्चं. देठाजवळचा तणावा, म्हणजे वेलीचा गुंडाळलेला तंतू, राहिला असेल तर तो वाळलेला असावा. खरबूज मात्र नाकाने निवडतात, देठाच्या उलट्या टोकाला गोड वास आला पाहिजे.

अख्खं कलिंगड घरात गार जागी आठवडाभर राहतं. कापायच्या आधी साल धुवा, खरबुजाची तर घासून धुवा कारण त्या जाळीत माती अडकते आणि सुरी तीच घाण आत नेते. या दोन्ही फळांत आंबटपणा जवळजवळ नसतो म्हणून कापल्यावर जंतू वेगाने वाढतात, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये आणि तीन दिवसांत संपवायचं. रस्त्यावर कापून ठेवलेल्या फोडी उन्हाळ्यात नकोच, मुलांना तर अजिबात नको.

प्रश्न : दुधीचा रस कडू लागला तर साखर-जिरं घालून प्यावा का? वडील रोज सकाळी घेतात. (मिरज)

अजिबात नाही, आजपासून हे घरात सगळ्यांना सांगा. कडू दुधी औषधी असतो हा समज जिवावर बेतू शकतो. दुधी, काकडी, दोडका, पडवळ या सगळ्या वेलवर्गीय भाज्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात, एरवी अगदी थोडी, पण उष्णता, पाण्याचा ताण किंवा बियाण्यातला दोष यामुळे एखाद्या फळात भरमसाट वाढतात. त्याने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, ब्लडप्रेशर एकदम खाली जाणं असे प्रकार होतात, माणसं दगावलीसुद्धा आहेत, आणि यावर उतारा नाही. शिजवूनही ते जात नाही. रस काढायच्या आधी दुधीचा छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खा दुधी फेकायचा, गुरांनाही घालायचा नाही. पिऊन झाल्यावर त्रास सुरू झाला तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना कडू रस प्यायल्याचं सांगा. काकडीत कडूपणा देठाकडे जास्त असतो, टोक जाडसर काढा, तरी कडू असेल तर टाका. कारल्याचं कडूपण वेगळ्या घटकांचं, ते नेहमीसारखं खा.

प्रश्न : लोणंदहून वर्षाचा कांदा घेतो, पण श्रावण यायच्या आत निम्मा सडतो नाहीतर कोंब येतात. (फलटण)

आधी कांदा कुठला घेता ते बघा. पावसाळी लाल कांदा कितीही सुंदर असला तरी साठवणीचा नाही. बेगमीला रब्बीचा उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमध्ये येतो तो, एन-2-4-1 किंवा फुरसुंगी जातीसारखा. मान बारीक आणि पूर्ण सुकलेली, दोन-तीन पापुद्रे कोरडे, मध्यम आकार. जोड कांदा, डेंगळे (फुलांचे दांडे) आलेला, मान जाड असलेला, काढताना कुदळ लागलेला, हे सगळे वेगळे करून आधी संपवायचे. पोत्यात तर ठेवूच नका. सावलीत आठ-दहा दिवस पसरून मग बांबूच्या टोपल्या, जाळीच्या पिशव्या किंवा माळ्यावर पातळ थर, खालून वारा लागला पाहिजे. उन्हाळ्याची गरमी कांद्याला तेवढी त्रास देत नाही, जुलै-ऑगस्टचा दमटपणा देतो, म्हणून पावसाआधी एकदा सगळा निवडून घ्या आणि नंतर दर पंधरा दिवसांनी. फ्रिजमध्ये ठेवला तर ओल धरतो, बाहेर काढला की भराभर कोंब येतात.

बटाटा कांद्याच्या टोपलीत नको, त्याच्या ओलाव्याने कांदा बिघडतो. त्याला अंधार पाहिजे, उजेडात हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग खायचा नसतो. फ्रिजमधल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, वेफर्स तळले की लालसर-काळपट होतात त्याचं कारण हेच, वाळवणासाठी बाहेर ठेवलेलाच बटाटा घ्या.

प्रश्न : मुलगी पुण्याहून येताना महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी आणते, घरी पोचेपर्यंत खालच्या थराचा चिखल झालेला असतो.

स्ट्रॉबेरी नाजूकच आहे, 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी तिचं अंग तेच राहिलं. बॉक्स घेताना उलटा करून तळ बघा, ओला डाग असेल तर घेऊ नका. टोपीपर्यंत लाल पाहिजे, खांद्याला पांढरी असेल तर रंग थोडा चढेल पण गोडी चढणार नाही. भिलार-पाचगणीला फिरताना आधी बॉक्स घेऊन दिवसभर डिकीत ठेवू नका, पसरणी घाट उतरायच्या आधी शेवटचं काम म्हणून घ्या, सीटवर सावलीत ठेवा, एसीचा वारा लागला तर अजून चांगलं. घरी आल्यावर मऊ झालेल्या वेगळ्या करून बाकीच्या न धुता, टोपी न काढता, टिश्यूवर एक थर पसरून फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवसांचा खेळ आहे. उरतील असं वाटलं तर पहिल्याच दिवशी धुऊन, पुसून, टोप्या काढून ताटलीत सुट्या-सुट्या फ्रीजरला लावा, कडक झाल्या की पिशवीत भरा, मिल्कशेकला जूनमध्ये कामाला येतात.

प्रश्न : आमरस वर्षभर ठेवता येतो का? साखर घालावी का?

फ्रीजरमध्ये ठेवता येतो, पण वर्षभर नको, सहा महिन्यांत संपवा म्हणजे चव आणि रंग राहतो. दूध, वेलची काही घालायचं नाही. साखर थोडी घातली तर रंग जास्त चांगला टिकतो, नाही घातली तरी चालतं. एका वेळेला लागेल एवढ्याच छोट्या डब्यांत भरा, डबा काठोकाठ नको, गोठल्यावर रस फुगतो, आणि वरून तारीख लिहा. खायच्या आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवा. एकदा सुटलेला रस परत गोठवू नका, उरलाच तर दुसऱ्या दिवशी त्यात रवा परतून शिरा करा.